रूळ दोन होतील, आपला डबा कुठे?

४ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गाच्या दुहेरीकरणाला मंजुरी दिली. लांबी २४० किलोमीटर, खर्च ४,८१९ कोटी रुपये. बातमी येताच श्रेय घेणाऱ्यांची रांग लागली. हा मार्ग अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल अशा गावांवरून जातो. या गावांच्या अवतीभवती धान पिकवणारा कुणबी आहे, तलावावर जगणारा ढिवर आहे, जंगलावर जगणारा गोंड-माना आहे आणि वाडीवस्तीवर पसरलेला आपला बौद्ध समाज आहे. यातला एकही माणूस त्या बैठकीत नव्हता, हे सांगायला नकोच.

आम्ही रेल्वेच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. कारण प्रश्न विचारला की ‘विकासविरोधी’ असा शिक्का मारायला काही मंडळी टपूनच असतात. आमचे म्हणणे उलट आहे. रेल्वे आलीच पाहिजे, दुहेरी झालीच पाहिजे, गडचिरोलीपर्यंत आणि त्याही पुढे गेली पाहिजे. पण रेल्वे आल्याने गरिबाचे आपोआप भले होते, ही थाप आहे. रूळ कुणासाठी टाकले जातात, हे रूळ टाकण्यापूर्वीच ठरते. ते ठरत असताना जो समाज झोपला, त्याच्या वाट्याला पुढे फक्त गाडीचा धूर आणि आवाज येतो.

हा इतिहास नवा नाही. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने १९०८ मध्ये गोंदियाहून नागभीडकडे आणि नागपूरहून नागभीडकडे अडीच फुटी छोटी लाईन आणली. पुढे १९१३ पर्यंत ती चांद्यापर्यंत पोहोचली. इंग्रजांनी ती आपल्या आजा-पणजाच्या सोयीसाठी बांधली नव्हती. या भागातले लाकूड, धान्य आणि जंगलमाल बाहेर नेणे, हा तिचा हेतू होता. परंतु गाडी सुरू झाली आणि लोकांनी ती आपली करून टाकली. तिकीट स्वस्त, वेग बैलगाडीपेक्षा बरा आणि थांबे गावागावाला. धानाचे पोते घेऊन चढणारा शेतकरी, भिवापूरच्या मिरची सातऱ्यावर जाणाऱ्या बाया, नागपूरला शिकणारी पोरे, मेडिकलमध्ये पेशंट नेणारे नातेवाईक, सर्वांची ती गाडी होती. विजयादशमीला दीक्षाभूमीकडे निघालेली कित्येक कुटुंबे भाकरीचे गाठोडे घेऊन याच छोट्या गाडीने नागपूरला उतरली.

१९९० च्या दशकात गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग मोठ्या लाईनचा झाला आणि बल्लारशाला जोडला गेला. नागपूर-नागभीड मात्र छोटीच राहिली. तिचे रुंदीकरण करायचे म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये गाडी बंद करण्यात आली. आता इथे नीट लक्ष द्यावे. गाडी बंद झाली आणि चारच महिन्यांत टाळेबंदी आली. टाळेबंदी संपते न संपते तोच ऑक्टोबर २०२१ मध्ये एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. म्हणजे उमरेड, भिवापूर, नागभीड पट्ट्यातील गरीब माणसाकडे त्या काळात ना गाडी होती ना बस. उरली ती काळीपिवळी. तिचे भाडे ज्याला परवडले तो गेला. ज्याला परवडले नाही, त्याची तारीख चुकली, परीक्षा चुकली, दवाखाना चुकला. आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी कितीतरी जण त्या दिवसांत कोर्टात वेळेवर पोहोचू शकले नाहीत. गैरहजेरीची नोंद मात्र वेळेवर झाली.

रुंदीकरण चुकीचे होते काय? मुळीच नाही. पण काम सुरू असताना लोकांनी जायचे कसे, याचे उत्तर योजनेत नव्हते. पाच वर्षे उलटून गेली तरी लोक गाडीची वाटच पाहत राहिले. या मार्गाने श्रीमंत माणूस प्रवास करत असता, तर पर्यायी व्यवस्थेशिवाय एक दिवस तरी गाडी बंद ठेवण्याची हिंमत झाली असती काय? दुहेरीकरणाच्या कामातही गाड्या रद्द होतील, वेळा बदलतील. त्या काळात बदली बस कोण देणार, हा पहिला प्रश्न आजच विचारला पाहिजे.

गडचिरोलीची कथा आणखी बोलकी आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर चार दशके या अवाढव्य जिल्ह्याच्या हद्दीत प्रवासी रेल्वेचे स्टेशन एकच, वडसा म्हणजे देसाईगंज, आणि तेही जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. सिरोंचाचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी यायला सुमारे २०० किलोमीटर रस्ता तुडवतो. वडसा-गडचिरोली हा अवघा ५२ किलोमीटरचा मार्ग २०११-१२ च्या अर्थसंकल्पात मंजूर झाला. त्यानंतर निधी अडला, जंगलाची परवानगी अडली, जमीन अडली आणि खर्चाचा आकडा मात्र कित्येक पटींनी वाढत गेला. त्या काळात एक पिढी शाळेतून कॉलेजात गेली आणि कॉलेजातून बेकारीत आली.

याच जिल्ह्यातील सुरजागडचे लोहखनिज मात्र थांबले नाही. आष्टी-आलापल्ली रस्त्यावरून खनिजाचे अवजड ट्रक धावले, रस्त्याची चाळणी झाली, माणसे मेली. २०२५ मध्ये हेडरीहून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत खनिज नेण्यासाठी पाइपलाइनसुद्धा झाली. दगडाला इतकी घाई आणि माणसाला चार दशकांची वाट! हा योगायोग नाही. ही सरकारची निवड आहे.

दुहेरीकरणाच्या मंजुरीतही हाच सूर आहे. त्या दिवशी महाराष्ट्र, ओडिशा आणि छत्तीसगडमधील चार प्रकल्प एकत्र मंजूर झाले. एकूण खर्च १८,६५८ कोटी. सरकारने दिलेली कारणे वाचा. कोळसा, लोहखनिज, पोलाद, सिमेंट, चुनखडी, खत आणि शेतमाल यांची वाहतूक वाढेल, असे त्यात ठळकपणे सांगितले आहे. गडचिरोलीसारख्या ‘आकांक्षित’ जिल्ह्याला संपर्क मिळेल, हेही म्हटले आहे. परंतु मालाचे टन मोजून सांगितले जातात. प्रवाशांच्या किती गाड्या वाढणार आणि त्या कुठे थांबणार, याचे वेळापत्रक कुणी सांगत नाही.

एकेरी मार्गावर काय होते, हे या लाईनने प्रवास करणाऱ्याला समजावून सांगायला नको. समोरून गाडी आली की एकीने स्टेशनात बाजूला उभे राहायचे. बाजूला उभी राहते ती बहुधा आपली पॅसेंजर. दुहेरी मार्ग झाला की समोरासमोर येणाऱ्या गाड्यांसाठी थांबावे लागणार नाही. गोंदिया ते बल्लारशा प्रवास खरोखरच वेगवान होऊ शकेल, मजूर सकाळी निघून रात्री घरी परतू शकेल, ब्रह्मपुरीचा विद्यार्थी चंद्रपूरला रोज जाऊन येऊ शकेल. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. पण मोकळी झालेली ती जागा वेळापत्रकात कुणाला द्यायची, हे रेल्वे ठरवते. सगळी जागा मालगाड्यांनी भरून टाकली, तर दोन काय चार रूळ टाकले तरी पॅसेंजर बाजूलाच उभी राहील.

प्रवासी गाड्यांचा अलीकडचा अनुभव आशा वाढवणारा नाही. मार्च २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या. त्या परत आल्या तेव्हा पॅसेंजरला ‘स्पेशल’ म्हणण्यात आले आणि दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपयांचे झाले. गाडी तीच, डबा तोच, धक्के तेच, दर तिप्पट! फेब्रुवारी २०२४ मध्ये जुने दर परत आले. म्हणजे तोपर्यंत गरिबाच्या खिशातून हा पैसा काढला गेला. ज्येष्ठ नागरिकांची सवलत तर मार्च २०२० मध्येच काढून घेण्यात आली. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर चंद्रपूर-गडचिरोलीच्या हजारो बाया तेलंगणात मिरची तोडायला जातात. मालवाहू गाडीत जनावरासारख्या कोंबल्या जातात आणि अपघात झाला तरच पेपरात येतात. त्यांच्या दृष्टीने बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीला साधे डबे किती, हाच विकासाचा खरा मापदंड आहे. वातानुकूलित डब्याचे उद्घाटन त्यांच्या काय कामाचे?

आता जमिनीचा प्रश्न. इथे आमचा व्यवसाय आम्हाला गप्प बसू देत नाही. रेल्वे दोन मार्गांनी जमीन घेऊ शकते. एक, रेल्वे कायदा १९८९ मध्ये २००८ साली घातलेल्या तरतुदींनुसार. दोन, जमीनमालकाशी वाटाघाटी करून सरळ खरेदीने. कायद्याने जमीन घेताना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत अधिसूचना निघते आणि ती निघाल्यापासून ३० दिवसांत हरकत घेता येते. तीस दिवस! आपल्या माणसाला कित्येकदा पटवाऱ्याकडून एकतिसाव्या दिवशी कळते.

भरपाई मिळते ती सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याला. मग त्या शेतावर वर्षानुवर्षे रोवणी-कापणी करणाऱ्या भूमिहीन मजुराचे काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत शेतमजूर, कुळे आणि कारागीर यांनाही घेतले आहे. त्या क्षेत्रात तीन वर्षांपासून काम करणारा आणि त्यावरच मुख्यतः जगणारा मजूर हा बाधित आहे. वनहक्क मिळालेला वनवासीही बाधित आहे. २०१५ च्या केंद्रीय आदेशाने भरपाई आणि पुनर्वसनाच्या या तरतुदी रेल्वे कायद्याखालील संपादनालाही लागू झाल्या. त्यात प्रकल्पातून रोजगार निर्माण होत असेल तर नोकरी, किंवा एकरकमी पाच लाख, किंवा वीस वर्षे दरमहा दोन हजार, असे पर्याय आहेत. पण सरळ खरेदीत व्यवहार होतो तो फक्त मालक आणि सरकार यांच्यात. मजुराचे नाव कागदावर येतच नाही. आमच्या समाजातील बहुसंख्य कुटुंबे या भागात भूमिहीन किंवा अल्पभूधारक आहेत. म्हणून सरळ खरेदी ‘जलद आणि सोयीची’ असे कुणी म्हणाले की आम्ही विचारतो, कुणाच्या सोयीची?

दुसरी अडचण जंगलजमिनीची. वनहक्क कायदा २००६ नुसार आदिवासींचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा ग्राह्य धरला जातो. पण बौद्ध, ढिवर, कुणबी हे ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतात. त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्याच्या आजाला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याने ७५ वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणायचा? त्यात झुडपी जंगलाची भर. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील झुडपी जंगल हे वनच असल्याचा निकाल दिला. त्यामुळे जुन्या अतिक्रमणावर पोट भरणाऱ्यांची धाकधूक वाढली आहे. रेल्वेची आखणी अशा जमिनीवरून गेली, तर पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस ‘अतिक्रमणधारक’ म्हणून एका पैशाशिवाय उठवला जाईल. रस्ते, कालवे, वाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून फेब्रुवारी २०१३ मध्येच सूट देण्यात आली होती. ज्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली, त्याच जिल्ह्यात ग्रामसभेला बाजूला ठेवून जंगल कापले जाऊ नये. संमतीला सूट मिळाली म्हणून हक्क संपत नाहीत. प्रलंबित दावे आधी निकाली काढा आणि मग मोजणीला या, ही मागणी पूर्णपणे कायदेशीर आहे.

जंगलातून जाणारा रूळ जनावरालाही कापतो. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात याच मार्गावर वाघाचे तीन बछडे गाडीखाली सापडून मेले. देशभर हळहळ झाली आणि ती योग्यच होती. वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग झाले पाहिजेत. पण मोहफूल, तेंदूपत्ता आणि सरपण आणायला जाणारी बाईसुद्धा हेच रूळ ओलांडते. दुसरा रूळ आला, वेग वाढला की तिचा धोका दुप्पट होतो. तिच्यासाठीही वाट ठेवा. आणि भराव टाकताना पाण्याच्या मोऱ्या पुरेशा ठेवा. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीचे मामा तलाव ओढ्या-नाल्यांच्या पाण्यावर भरतात. पाणी अडले तर ढिवराची मासळी जाते आणि खालच्या बांध्या कोरड्या पडतात.

नोकरीचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो सर्वांत जुना आहे. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो, हे त्यांनी तिथे उघड केले. त्याला साधी पोर्टरची जागाही मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि अस्पृश्याला घरात घेणे त्याला चालत नाही! ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा इशारा त्यांनी याच परिषदेत दिला. पुढे संविधानाने आरक्षण दिले आणि गँगमनची पोरे बाबू झाली, मास्तर झाली, इंजिनीअर झाली. आपल्या वस्तीतील पहिले पक्के घर बहुधा रेल्वेवाल्याचे असते, ते उगाच नाही.

आज चित्र काय आहे? रुळाची कितीतरी कामे कंत्राटदाराकडे गेली. कंत्राटात ना आरक्षण ना पेन्शन. रेल्वेसाठी जमीन देणाऱ्याच्या घरातील एकाला खालच्या पदावर नोकरी देण्याचे धोरण २०१० मध्ये रेल्वे बोर्डाने आणले होते, तेही २०१९ मध्ये मागे घेतले. म्हणजे १९३८ मध्ये आपल्याला गँगमनच्या वर जाऊ देत नव्हते, आता गँगमनही होऊ देत नाहीत. ४,८१९ कोटींच्या कामात स्थानिक पोरांच्या हाती फक्त रोजंदारीचे घमेले येणार असेल, तर त्याला रोजगार म्हणायचे कसे?

शेवटी एक आठवण. लहानपणी बाबासाहेब भावंडांसह वडिलांना भेटायला कोरेगावकडे निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. गाडीत त्यांना कुणी उठवले नव्हते. स्टेशनमास्तरही आधी आपुलकीने बोलला. ही मुले महारांची आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवाल्यांनी नकार दिला. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, तोही बैलगाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रेल्वेने त्यांना स्टेशनपर्यंत समतेने आणले. विषमता सुरू झाली ती स्टेशनच्या बाहेर. आजही स्टेशनपासून वस्तीपर्यंतचा रस्ता, बस, दिवा, शौचालय यांचा विचार न करता नुसते रूळ टाकले, तर लाभ स्टेशनच्या पलीकडे जाणार नाही.

म्हणून चळवळीतील कार्यकर्त्यांनी आता पेढ्यांच्या रांगेतून बाहेर पडून कामाला लागले पाहिजे. आपल्या गावावरून आखणी कुठून जाते, याचा नकाशा माहितीच्या अधिकारात मागा. बाधित मजुरांची यादी ग्रामसभेत ठराव करून आपणच तयार करा, सरकारी यादीची वाट पाहू नका. वनहक्काचे दावे पडून असतील तर आताच पाठपुरावा करा. अधिसूचना निघताच तीस दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या आणि पोच घ्या. रेल्वेच्या विभागीय सल्लागार समितीत व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी बसतात, तिथे विद्यार्थी, मजूर आणि महिलांचा प्रतिनिधी मागा. लहान स्टेशनांचे थांबे, साधे डबे आणि सकाळ-संध्याकाळची गाडी, या तीन मागण्या खासदाराकडून लेखी घ्या. कुणबी, ढिवर, गोंड, माना, मुस्लिम, सर्वांना सोबत घ्या. हा एका जातीचा प्रश्न नाही. या गाडीत सगळेच बसतात.

१९०८ ची लाईन लोकांना न विचारता आली आणि माल घेऊन गेली. तेव्हा आपल्या हाती मत नव्हते, कायदा नव्हता, वकील नव्हता. आज तिन्ही आहेत. ते हाती असूनही दुसरा रूळ आपल्या डोळ्यांदेखत फक्त कोळशासाठी टाकला गेला, तर दोष इंग्रजाला देता येणार नाही. गाडी अजून सुटलेली नाही. वेळापत्रक अजून लिहायचे आहे. ते लिहिणाऱ्याच्या समोर आपण जाऊन उभे राहिले पाहिजे.